सहवाचन : प्रूस्तचे सात खंड, सगळ्यांनी मिळून (न वाचलेल्यांनीही यावं)

मंदगती

मार्सेल प्रूस्तची 'इन सर्च ऑफ लॉस्ट टाइम' हातात घेऊन पहिल्या पन्नास पानांत सोडून दिलेली मंडळी इथे पुष्कळ आहेत असं मधे एका गप्पांमधे दिसलं, म्हणून हा वेगळा धागा काढतोय. सात खंड, इंग्रजीत आवृत्तीप्रमाणे तीन ते चार हजार पानं, मूळ फ्रेंचमधे बारा लाखांच्या वर शब्द. रोज दहा पानं धरली तर वर्ष जातं आणि खाडे होणारच, त्यामुळे जास्तच जाईल. कोणाला कुठे पोचायची घाई नाहीये.

नियम दोनच. ठरलेल्या टप्प्याच्या पुढचं इथे लिहायचं नाही, पुढे वाचलं असेल तर पोटात ठेवायचं. आणि कंटाळा आला की गुपचूप गायब न होता इथे येऊन सांगायचं, नेमका कुठे आला ते. "बोअर झालं" एवढंच नको, कुठल्या पार्टीत, कोणाच्या बडबडीत, ते हवं.

एकत्रच का वाचायचं तर या कादंबरीची एक खोड आहे. एखादं माणूस ती नाव न सांगता ओझरतं दाखवते आणि कुठल्या कुठे पुढे गेल्यावर कळतं की अरे, हे ते होतं. एकट्या वाचणाऱ्याच्या डोक्यात तेवढं टिकत नाही, दहाजणांत कोणाच्या तरी टिकतं. मला वाटतं हे पुस्तक सोडणारे लोक लांब वाक्यांमुळे सोडत नाहीत, विसरल्यामुळे सोडतात.

उंटावरून

वाक्यांमुळेच सोडतात हो. नमनालाच घडाभर तेल! गडी अंथरुणावर पडलाय, झोप लागत नाहीये, खोली कुठली ते कळत नाहीये, आणि पानंच्या पानं चाललीत. हस्तलिखित परत पाठवताना ओलेंडॉर्फ प्रकाशनाच्या अँब्लो नावाच्या माणसाने हेच विचारलं होतं की झोप येण्याआधी कूस कशी बदलतो हे सांगायला तीस पानं कशाला लागतात. माझी सहानुभूती त्या अँब्लोला आहे.

तरी येतोय. शेळ्या लांबूनच हाकेन.

टिपणवही

उंटावरून, तुमचा अँब्लो एकटा नव्हता. लेखक आंद्रे झीद ज्या मंडळात होता त्या 'एनआरएफ' या मासिकाच्या प्रकाशनानेही नाकारलं. शेवटी 1913 मधे प्रूस्तने ग्रासे या प्रकाशकाकडून स्वतःच्या खर्चाने पहिला खंड छापून घेतला. मग 1914 ला झीदने माफीचं पत्र लिहिलं, आणि 1919 ला दुसऱ्या खंडाला गाँकूर पुरस्कार मिळाला. तेव्हाही ओरड झालीच, कारण समोर रोलां दोर्जेलेसची युद्धावरची कादंबरी होती आणि लोकांना खंदकात लढून आलेल्या लेखकाला बक्षीस हवं होतं, उच्चभ्रूंच्या पार्ट्यांवर लिहिणाऱ्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या आजारी माणसाला नाही.

मी येतेय. वही तयार आहे.

निशाचर

मी पण मी पण!! पण अनुवाद कुठला घ्यायचा, नेटवर बघितलं तर डोकं फिरलं, प्रत्येक जण आपलाच बरा म्हणतो, आणि मला एकदाच पैसे घालायचेत, नंतर हळहळायचं नाहीये

टिपणवही

निशाचर, थोडक्यात सांगते. स्कॉट मॉन्क्रिफने 1922 पासून अनुवाद केला, 1930 ला तो गेला तेव्हा शेवटचा खंड राहिला होता, तो दुसऱ्याने केला. पुढे 1981 ला टेरेन्स किलमार्टिनने आणि 1992 ला डी. जे. एनराइटने त्यावर हात फिरवला, तो संच मला वाचायला सगळ्यात सोयीचा वाटतो कारण खंडाच्या शेवटी प्रसंगांचा गोषवारा पानांसकट आहे. मधेच कोणी "हा कोण बुवा" झालं की तिथे बघता येतं. पेंग्विनचा 2002 चा संच प्रत्येक खंडाला वेगळा अनुवादक असा आहे, त्यातला लिडिया डेव्हिसचा पहिला खंड छान आहे. मॉन्क्रिफचा जुना पहिला खंड नेटवर फुकट मिळतो, आधी तो चाखून बघा मग पैसे घाला.

कोपऱ्यातला

ऐकलेलं चालेल का? नेव्हिल जेसनने अख्खी कादंबरी वाचलीय, दीडशे तासांच्या वर आहे. माझं वाचन प्रवासातच होतं.

मंदगती

चालेल काय, पळेल. लांब वाक्यं ऐकताना उलट सोपी जातात, वाचणाऱ्याला अर्थ कळलेला असतो म्हणून तो श्वास बरोबर ठिकाणी घेतो. डोळ्यांनी वाचणाऱ्यांनीही अडलं तर मोठ्याने वाचून बघा. आणि वाक्यात हरवलात तर लगेच मागे जाऊ नका, शेवटपर्यंत जा, क्रियापद सापडलं की मागचा गुंता बऱ्याचदा आपोआप सुटतो.

पहिला टप्पा : पहिल्या खंडातला, 'स्वान्स वे'मधला कोंब्रेचा भाग, म्हणजे निवेदकाच्या लहानपणीचं गाव. सुरू करा.

निशाचर

झाला कोंब्रे!! मला वाटलं होतं चहात बुडवलेला केक आणि आठवणी, तेवढंच असेल, ते तर सगळ्यांना माहितीच असतं, पण त्याच्या आधीची ती रात्र कोणी का सांगत नाही. घरी स्वान नावाचा शेजारी जेवायला आलाय म्हणून आई वर येऊन गुडनाइटची पापी देणार नाही, मग तो पोरगा (निवेदक) स्वैपाकीण फ्राँस्वाझच्या हाती चिठ्ठी पाठवतो, आई उत्तर देत नाही, मग हा जिन्यात उभा राहतो की आता काय व्हायचं ते होऊदे, आणि नेमका बाप समोर येतो. आता मार बसणार असं वाटतं आणि बाप म्हणतो जा गं त्याच्याबरोबर, झोप त्याच्या खोलीत. आणि पोरगा खूश व्हायच्या ऐवजी रडतो, कारण त्याला कळतं की आई आज पहिल्यांदा हरली. मी पुस्तक मिटून बसले थोडा वेळ

साशंक

ते रडणं मला पटलं नाही. म्हणजे पोरगं रडेल, पण आईने आपल्याबद्दलची आशा सोडली, तिच्या मनावर आपण पहिली सुरकुती पाडली वगैरे त्या वयात कळेल? हे सांगणारा मोठा माणूस आहे आणि तो पोराच्या तोंडी घालतोय.

टिपणवही

बरोबर, आणि तो ते लपवतही नाहीये. सगळ्या पुस्तकभर दोन 'मी' आहेत, एक ज्याच्या बाबतीत घडतंय आणि एक जो खूप नंतर सांगतोय. दुसऱ्याला सगळं माहीत असतं पण तो पहिल्याला सांगत नाही. म्हणून तर कुठल्याच माणसाबद्दल आत्ता मत बनवून टाकू नका असं मी म्हणेन.

वहीत नोंदवलेलं, सगळ्यांनी नुसतं लक्षात ठेवा, कशासाठी ते विचारू नका : आदोल्फकाकाकडे आलेली गुलाबी कपड्यातली बाई. कुंपणापलीकडे स्वानच्या मुलीशेजारी, जिल्बेर्तशेजारी, उभा राहून रोखून बघणारा गृहस्थ. आणि पियानोचा म्हातारा मास्तर वँतॉय, ज्याच्याबद्दल गावात सगळे हळहळतात पण त्याच्या संगीताबद्दल कोणी ब्र काढत नाही.

उंटावरून

ही पुढे वाचून आलीय. फाऊल.

टिपणवही

:) पोटातच ठेवलंय.

उंटावरून

मला कोंब्रेत एकच माणूस आवडलं, लेओनीआत्या. अंथरुणातून उठायचं नाही, खिडकीतून सगळ्या गावावर नजर, रस्त्यावरून अनोळखी कुत्रं गेलं तरी कोणाचं म्हणून चौकशी. ही बाई आणि मी.

मंदगती

पुढचा टप्पा त्याच खंडातला 'स्वान इन लव्ह'. ज्यांची पहिल्या भागात दमछाक झाली त्यांच्यासाठी खूशखबर, इथे गोष्ट आहे, सरळ आहे, आणि निवेदकाच्या जन्माच्या आधीची आहे.

साशंक

हा भाग मी दोन बैठकांत संपवला. स्वानला ओदेत सुरुवातीला आवडतच नाही. मग कधीतरी ती मान झुकवून उभी असताना बॉत्तिचेल्लीच्या सिस्टीन चॅपेलमधल्या झिप्पोरासारखी दिसते, झालं, साहेब घसरले. टेबलावर ओदेतचा फोटो म्हणून झिप्पोराची प्रत ठेवतो! आणि ते रात्रीचं खिडकीचं प्रकरण. ओदेतने आज दमले म्हणून लवकर पिटाळलंय, याला संशय, परत येतो, सगळ्या काळोख्या रांगेत एका खिडकीत उजेड, आतून बोलण्याचा आवाज, आता रंगेहाथ पकडणार म्हणून टकटक करतो, आणि खिडकी उघडतात दोन म्हातारे. शेजारच्या घराची खिडकी. मी मोठ्याने हसलो आणि मग वाटलं की हसायचं का याला?

कोपऱ्यातला

हसायचं. प्रूस्त विनोदी आहे हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

निशाचर

शेवटचं वाक्य वाचलं का, आयुष्याची इतकी वर्षं वाया घालवली, मरायची इच्छा झाली, आणि कोणासाठी, तर जी आपल्या आवडीच्या जातकुळीतली सुद्धा नव्हती! सुटला म्हटलं बिचारा. आणि पुढच्या भागात बघते तर स्वानची बायको कोण, तर ओदेत. लग्न कधी केलं? का केलं? मधलं पान फाटलंय का माझं???

मंदगती

पान शाबूत आहे. तो लग्नाचा प्रसंग लिहिलेलाच नाही. मला हे फार धाडसाचं वाटतं, कुठल्याही दुसऱ्या लेखकाने तिथे शंभर पानं काढली असती, आणि झोपेवर तीस पानं लिहिणारा माणूस लग्न गाळतो.

मंदगती

दुसरा खंड. इथे जिल्बेर्त, मग समुद्रकाठचं बालबेक, मग पोरींचा घोळका. पुरस्कार याच खंडाला मिळालेला. सुरुवातीच्या नॉर्प्वा साहेबांच्या मुत्सद्दी भाषणात मी स्वतः घसरत घसरत वाचतोय, तक्रारी येऊद्या.

उंटावरून

नॉर्प्वा म्हणजे एक वाक्य बोलून काहीही न बोलण्याची कला. असे लोक मी नोकरीत रोज बघतो. बोअर झालं नाही, उलट अंगावर काटा आला.

कोपऱ्यातला

आजीबद्दल कोणी काहीच लिहीत नाहीये. बालबेकच्या हॉटेलात पहिल्या रात्री पोरगा घाबरलाय, नवी खोली, उंच छत, आणि आजी खाली वाकून त्याचे बूट सोडते, त्याला काही करू देत नाही. मधली भिंत पातळ आहे, रात्री काही लागलं तर तीन टकटक कर म्हणते, आणि हा सकाळी टकटक करतो तर लगेच पलीकडून उत्तर. मी ते रिवाइंड करून परत ऐकलं.

टिपणवही

कोपऱ्यातला, ते बूट वहीत लिहिलेत.

आता एल्स्तिर या चित्रकाराच्या स्टुडिओपर्यंत सगळे आले असतील तर बोलते, कारण मागे ओझरतं दाखवलेलं एक माणूस इथे उलगडतं. निवेदक तिथे एक जुनं जलरंगातलं चित्र बघतो, पुरुषी वेशातली नटी, खाली 'मिस साक्रिपां, ऑक्टोबर 1872'. हळूहळू त्याला कळतं की ही ओदेत आहे. लग्नाआधीची. म्हणजे हा थोर चित्रकार तिला तेव्हा ओळखायचा. म्हणजे 'स्वान इन लव्ह'मधल्या वेर्द्युरँबाईंच्या घरी जमणाऱ्या कंपूत जो 'मस्य बिश' नावाचा वाह्यात विनोद करणारा चित्रकार होता...

साशंक

थांबा. तो हा?? तो 'स्वान इन लव्ह'मधला चावट माणूस आणि हा ऋषितुल्य एल्स्तिर एकच?

टिपणवही

तोच. आणि निवेदक तोंडावर विचारतो, तर एल्स्तिर उडवून लावत नाही. हो म्हणतो, आणि मग त्या पोराला समजावतो की ज्याने तरुणपणी लाज वाटेल असं काही केलं नाही असा शहाणा माणूस नसतो, शहाणपण कोणाकडून आयतं मिळत नाही, ज्याने त्याने ते आपल्या वाटेने शोधावं लागतं. मला अख्ख्या दुसऱ्या खंडात ते पान सगळ्यात जास्त आवडतं. गुलाबी कपड्यातली बाई कोण ते मात्र पुढच्या खंडात.

निशाचर

मी बिशला साफ विसरले होते, नुसतं वाचून पुढे गेले असते, कळलंही नसतं की काही झालं

उंटावरून

मला आठवत होता. एवढ्यासाठी तरी माझं नाव वहीत लिहा.

मंदगती

तिसरा खंड, 'द गेरमांत वे'. गेरमांत हे बडं सरदार घराणं. सांगून ठेवतो, लोक सगळ्यात जास्त इथे गळतात. एक दुपारची पार्टी आणि एक रात्रीचं जेवण यात मिळून शेकडो पानं जातात. ज्यांना झेपणार नाही त्यांनी पार्ट्यांमधे फक्त एवढं बघत जा की कोण ड्रेफसच्या बाजूने आहे आणि कोण विरोधात.

साशंक

ड्रेफसबद्दल दोन ओळी कोणी लिहील का? मला फक्त झोलाचं नाव माहिती.

टिपणवही

आल्फ्रेड ड्रेफस हा फ्रेंच सैन्यातला ज्यू अधिकारी, 1894 ला जर्मनीला गुपितं विकल्याचा खोटा आळ घेऊन पकडला, सैतानाचं बेट म्हणतात त्या तुरुंगाच्या बेटावर पाठवला. 1898 ला कादंबरीकार झोलाचं ड्रेफसच्या बाजूचं ते खुलं पत्र आलं, अख्खा देश दोन तुकडे झाला, 1906 ला तो निर्दोष ठरला. प्रूस्त स्वतः ड्रेफसच्या बाजूचा होता, सह्या गोळा करत हिंडला होता, त्याची आई ज्यू होती. पण कादंबरीत तो भाषण देत नाही, तो फक्त दाखवतो की मतं कशी बदलतात. पुढे (हे सांगितलं तर चालेल, गोष्ट फुटत नाही) गेरमांतचा ड्यूक, जो कट्टर विरोधक, तो पाण्याच्या उपचाराला जातो, तिथे तीन देखण्या हुशार बायका भेटतात, त्या ड्रेफसवाल्या, आणि परत येतो तो ड्रेफसवाला होऊन. पुराव्याचा काही संबंध नाही.

उंटावरून

हे आजही असंच चालतं, फक्त पाण्याच्या उपचाराला कोणी जात नाही.

आणि माझी तक्रार नोंदवा : विलपारिसिसबाईंच्या घरची दुपार. सोडलं नाही. पण नोंदवा.

निशाचर

फोन! दाँसिएर गावाहून तो आजीला फोन करतो आणि पहिल्यांदा तिचा नुसता आवाज ऐकतो, चेहरा नाही, आणि त्याला त्या आवाजात कळतं की ही किती एकटी आणि नाजूक आहे, तो घाबरून घरी निघतो. घरी पोचतो तेव्हा तिला माहीत नसतं तो आलाय, आणि तो क्षणभर तिला तसा बघतो जसा एखादा परका बघेल, सोफ्यावर दिव्याखाली वाचत बसलेली एक लाल चेहऱ्याची, थकलेली, जड म्हातारी, जिला तो ओळखत नाही. बास. आपण आपल्या माणसांकडे कधी बघतच नाही ना, आठवणच बघतो

साशंक

राशेलचं पण बोला. निवेदकाचा मित्र सँ-लू ज्या बाईसाठी वेडा झालाय, जिला हजारो फ्रँकचे दागिने घ्यायला निघालाय, ती निवेदकाने आधी कुंटणखान्यात बघितलेली, तिथे ती वीस फ्रँकला होती. तो तिला बघून गप्प बसतो. आणि गंमत ही की तो सँ-लूला मूर्ख म्हणत नाही. त्याचं म्हणणं एवढंच की आपण दोघं वेगवेगळ्या दारातून आत आलो, म्हणून चेहरा एकच असून बाई एक नाही.

कोपऱ्यातला

लाल बूट.

मंदगती

कोपऱ्यातला, एवढंच लिहून जाऊ नका, ज्यांचं आज झालंय ते वाट बघतायत.

कोपऱ्यातला

बरं. खंडाचा शेवट. ड्यूक आणि डचेस जेवायला निघालेत, उशीर झालाय. ड्यूकचा चुलतभाऊ मरणपंथाला लागलाय पण ड्यूकला ती बातमी आत्ता नकोय, कारण खात्रीने कळलं तर रात्रीच्या फॅन्सी ड्रेसला जाता येणार नाही. डचेस स्वानला विचारते आमच्याबरोबर इटलीला येणार का, तो टाळतो, ती का म्हणून खोदून विचारते, तेव्हा तो हळूच सांगतो की तोवर मी कित्येक महिने आधीच मेलेलो असेन. डचेस एक पाय बग्गीत टाकायला निघालेली. आता काय करायचं, याला काय बोलायचं, असली शिकवण तिला कोणी दिलेलीच नाही. म्हणून ती म्हणते तुम्ही चेष्टा करताय. ड्यूक ओरडतो उशीर होतोय, चला. ती झगा उचलते आणि ड्यूकला दिसतं की लाल झग्याखाली काळे बूट आहेत! मग मात्र वेळच वेळ. जा वर, लाल बूट घालून ये, दहा मिनिटांत पोचतो आपण. मरणाऱ्या मित्रासाठी दोन मिनिटं नव्हती. आणि स्वान जाताना ड्यूक मागून ओरडतो, डॉक्टरांचं काही ऐकू नका, तुम्ही आम्हा सगळ्यांना पोचवाल.

हे मी ऐकलं तेव्हा उतरायचं ठिकाण मागे गेलं.

उंटावरून

तक्रार मागे घेतो. सहाशे पानं त्या दुष्टपणाची ओळख करून द्यायलाच लागतात. डचेस आपल्याला तोवर आवडायला लागलेली असते ना.

मंदगती

उंटावरून, हेच. गोषवारा वाचून हा प्रसंग लागत नाही.

चौथा खंड, 'सॉडम अँड गमोरा'. सुरुवातीला अंगणात भुंगा आणि ऑर्किड, आणि बॅरन शार्ल्यूस आणि झ्युपियँ. विषय समलैंगिकतेचा आहे, 1921 साली असं उघड लिहिणं सोपं नव्हतं. त्यातच एक वाक्य आहे आठशेहून जास्त शब्दांचं, सापडलं की हात वर करा.

टिपणवही

गुलाबी कपड्यातली बाई म्हणजे ओदेतच, हे तिसऱ्या खंडात कळलं. तर आता कुंपणापाशी रोखून बघणारा गृहस्थ कोण तेही सगळ्यांना माहीत आहे. शार्ल्यूस. गावात तो ओदेतचा यार म्हणून ओळखला जायचा! सगळ्या गावाचा तर्क किती उलटा होता बघा.

शार्ल्यूसबद्दलचं माझं मत मात्र वेगळं आहे. निवेदक त्या 'जमाती'बद्दल जे सिद्धांत मांडतो ते आज वाचताना टोचतात, बरेच ठिकाणी हास्यास्पद आहेत. पण शार्ल्यूस माणूस म्हणून उभा राहतो तेव्हा ते सगळे सिद्धांत मागे पडतात. वेर्द्युरँकडे त्याचा जो अपमान होतो (पुढच्या खंडात) तिथे मी पूर्णपणे त्याच्या बाजूने होते.

निशाचर

बूट!!!!! कोपऱ्यातला कुठे आहात. परत बालबेक, तेच हॉटेल, आजी जाऊन वर्ष उलटून गेलंय आणि त्याला तोवर नीट रडूही आलेलं नाही. थकलाय, बूट काढायला खाली वाकतो, पहिल्या बटणाला हात लागतो आणि एकदम ती समोर, त्या पहिल्या रात्री वाकलेली. आणि तेव्हा त्याला पहिल्यांदा कळतं की ती मेलीय. आणि भिंत तिथेच आहे, पण आता टकटक केलं तरी पलीकडून उत्तर येणार नाही

कोपऱ्यातला

वाचतोय. आज काही लिहीत नाही.

मंदगती

पाचवा आणि सहावा, 'द कॅप्टिव्ह' आणि 'द फ्युजिटिव्ह'. प्रूस्त 18 नोव्हेंबर 1922 ला गेला, शेवटचे तीन खंड त्याच्या मागे 1923, 1925 आणि 1927 ला आले. हात फिरवायचा राहून गेला ते जाणवतं. डॉक्टर कोतार मेल्याचं सांगितलं जातं आणि पुढे पार्टीत तो हजर!

साशंक

माझं स्पष्ट मत, हे दोन खंड आजच्या वाचकाने गोड मानून घ्यायची गरज नाही. बालबेकच्या घोळक्यातल्या आल्बेर्तीनला निवेदकाने घरात ठेवलंय, कुठे जाते कोणाला भेटते यावर पहारा, प्रत्येक शब्दाची उलटतपासणी. आणि आपल्याला तिच्या डोक्यात एकदाही जाता येत नाही. प्रेमकथा म्हणून सांगतात याला? हा छळ आहे.

निशाचर

+१. मी चिडून चिडून वाचतेय

टिपणवही

छळच आहे, आणि पुस्तकालाही ते माहिती आहे, खंडाचं नावच बघा ना. साशंक, 'स्वान इन लव्ह' आठवा. स्वान टकटक करत फिरला तेव्हा आपण हसलो कारण बाहेरून बघत होतो. इथे तेच दुखणं पण आपल्याला आत कोंडलंय, आणि त्याला सुटकाही नाही. मला कोणाची माफी मागवायची नाहीये, एवढंच म्हणते की तिच्याबद्दल काही कळत नाही हीच त्याची शिक्षा आहे.

साशंक

शिक्षा त्याला, कैद तिला.

उंटावरून

हे वाक्य वहीत लिहा ताई.

मधे बेर्गोत मरतो ते पान मात्र कोणी चुकवू नका. लेखक आजारी आहे, तरी चित्रकार फर्मीअरचं डेल्फ्ट शहराचं चित्र बघायला प्रदर्शनाला जातो कारण कुठेतरी वाचलंय की त्यात पिवळ्या भिंतीचा एक छोटा तुकडा फार सुंदर रंगवलाय. बघतो, म्हणतो मी असं लिहायला हवं होतं, आणि तिथेच कोसळतो. प्रूस्त स्वतः 1921 ला ते चित्र बघायला गेला होता, तेव्हा तोही आजारीच. मी काही रडणारा माणूस नाही.

निशाचर

म्हणजे रडलात

मंदगती

'टाइम रीगेन्ड'. जे पोचलेत त्यांच्यासाठी. युद्धातलं काळोखं पॅरिस, मग मधे बरीच वर्षं जातात, आणि प्रिन्सेस द गेरमांतकडची ती शेवटची दुपार. तिथे जुन्या आठवणी जाग्या करणारी खडबडीत फरशी, चमचा, नॅपकिन यावर खूप लोकांनी लिहिलंय, मी नाही लिहीत. मला आवडतो त्यानंतरचा दिवाणखाना. आत जातो तर त्याला वाटतं सगळ्यांनी सोंगं घेतलीत, पांढऱ्या दाढ्या लावल्यात, पावडर थापलीय. मग लक्षात येतं की कोणीही सोंग घेतलेलं नाही. आणि जिल्बेर्त जेवायला जाऊ म्हणते तर हा म्हणतो, तरुण पुरुषाबरोबर एकटीने जेवणं तुला अडचणीचं वाटणार नसेल तर, आणि आजूबाजूचे लोक हसतात.

साशंक

आणि प्रिन्सेस द गेरमांत कोण आहे आता! वेर्द्युरँबाई! मी तीनदा वाचलं ते वाक्य. पहिल्या खंडात जी बाई बड्या घरच्यांना 'कंटाळवाणे' म्हणून हिणवायची, कारण ते तिच्याकडे येत नव्हते.

टिपणवही

वँतॉयचं राहिलं होतं, ते पाचव्या खंडातच फिटलं. मुलीच्या ज्या मैत्रिणीमुळे म्हातारा झुरून गेला, तिनेच त्याच्या न वाचता येणाऱ्या कागदांवरून ते सात वाद्यांसाठीचं संगीत उलगडलं. त्या रात्री ज्या पार्टीत ते वाजलं तिथे कोणालाच तो कोंब्रेचा मास्तर माहीत नव्हता. आपल्याला होता.

कोपऱ्यातला

माझं मागे राहिलंय. मी अजून चौथ्यातच, त्या छोट्या रेल्वेगाडीत. तुमचे वरचे प्रतिसाद न वाचता थेट खाली आलोय. प्राध्यापक ब्रिशो गावांच्या नावांच्या व्युत्पत्ती सांगत सुटलाय आणि मला ऐकताना डुलकी लागते, मग कुठे होतो ते सापडत नाही. धागा बंद करू नका.

मंदगती

बंद कशाला करतोय. ब्रिशोमधे खुशाल डुलकी घ्या, तिथे सगळेच घेतात, त्याच्या डब्यातलेसुद्धा. फक्त एक सांगा, त्याच गाडीत आधी एकदा मासिक वाचत बसलेली ती जाड, गावंढळ दिसणारी बाई, जिला निवेदक कुंटणखान्याची मालकीण समजला होता, ती कोण ते कळलं का तुम्हाला?

कोपऱ्यातला

नाही. ती परत येते?

उंटावरून

कोणी काही बोलू नका.